एकसारख्या चुका

निनाद गच्चीत फोनवर बोलताना हसला की खाली शलाकाच्या शिवणयंत्राची सुई मोडायची. हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही, हे तिलाही मान्य होतं. पण त्या पावसाळ्यात सुया फार मोडल्या एवढं खरं.

फोनच्या पलीकडे असायच्या रेणुका सावळे, मुक्काम वाशीम. शलाकानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळखत होती ती फक्त त्यांचा आवाज, आणि त्या आवाजातला 'जी'. "नाही ना निनादजी! जरा नीट पाहा बरं!" असं तो आवाज स्पीकरवरून म्हणायचा, आणि निनाद खोखो हसायचा. निनादचं चिपळुणात चष्म्यांचं दुकान होतं. चष्मे विकणाऱ्या माणसाला 'नीट पाहा' म्हणायचा हक्क लग्नानंतर इतकी वर्षं फक्त शलाकाचा होता. आता त्यात वाशीमची भागीदारी झाली होती.

"अगं, 'कौल'चं काम आहे ते," निनाद म्हणायचा.

"काम आहे ना? मग हसू कसलं येतं?"

"काम करताना हसू नये असा नियम आहे का?"

"माझ्याबरोबर गॅस सिलिंडर चढवताना तर कधी हसला नाहीस."

'कौल' तोवर घरोघरी पोचला होता. फोटो, आवाज, चित्रफीत यांतलं काहीच पुरावा म्हणून धरता येईना, अशी वेळ आली होती. खोटं बनवणारी यंत्रं इतकी तरबेज झाली होती की ते पकडणाऱ्या यंत्रांनी हात टेकले. राहता राहिली माणसं. म्हणून कौल निघाला. कुणालाही काहीही विचारता यायचं. अमुक धरणाचं पाणी सोडलं म्हणतात, खरं का? या पाल्यानं साखर उतरते का? हा व्हिडिओ आमच्याच गावचा का? देशभरातली साधी माणसं आपापल्या डोक्यानं उत्तर द्यायची आणि त्यातून कौल निघायचा. देवळात देवाला फुलं लावून कौल घेतात, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. इथे देवाच्या जागी शेजारीपाजारी होते, एवढाच फरक.

पण कौलची खरी करामत पुढेच होती. नुसती डोकी मोजली असती तर सगळे मिळून चुकले की चूकच खरी ठरली असती. म्हणून कौलचं यंत्र प्रत्येक माणूस कुठे बरोबर येतो यापेक्षा कुठे चुकतो यावर डोळा ठेवायचं. महिनोन् महिने. कुणी औषधांच्या बाबतीत भोळा, कुणी जातीचं नाव आलं की आंधळा, कुणी आपल्या तालुक्याचं काही वाईट ऐकूनच घेणार नाही. मग यंत्र माणसांच्या जोड्या लावायचं. ज्यांच्या चुका एकमेकांना अजिबात शिवत नाहीत, अशी दोन माणसं शोधून. एक जिथे आंधळा, तिथे दुसऱ्याला दिसतं. अशा दोघांचं उत्तर जुळलं, तर ते शंभर एकसारख्या माणसांच्या होकाराहून वजनदार.

या हिशेबात निनादच्या वाट्याला रेणुका सावळे आल्या होत्या.

"मीही आहे की कौलवर," एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता शलाका म्हणाली. "मला का नाही लावलं तुझ्या जोडीला?"

"नवराबायकोची जोडी कधी लागतच नाही."

"नियम आहे?"

"नियम कशाला हवा? हे बघ." निनादनं स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बोट केलं. "हे घड्याळ आपण बाहेरच्या घड्याळावरून लावलं. बाहेरचं दहा मिनिटं पुढे, म्हणून हेही दहा मिनिटं पुढे. आता दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवतात. म्हणून ती वेळ खरी का?"

"नाही."

"तसंच आहे ते. आपण एकमेकांकडे बघून लागलोय."

तो हे फार मायेनं म्हणाला. तिला कौतुक वाटावं असंच त्याला वाटत होतं. आणि शलाकाच्या मनात मात्र एकच आलं, की त्याला खरी वेळ बघायची झाली तर तो वाशीमला बघणार.

"म्हणजे मी पुढे गेलेलं घड्याळ."

"माझ्याइतकंच पुढे गेलेलं," निनाद म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून गच्चीत गेला.

कांदा होताच समोर. डोळ्यांतल्या पाण्याला वेगळं कारण शोधावं लागलं नाही.

मग शलाकानं ठरवलं, आपण वेगळं व्हायचं.

ते दिसतं तितकं सोपं नव्हतं. निनाद काय म्हणेल ते तिला प्रश्न वाचता वाचताच कळायचं, आणि तिला स्वतःलाही नेमकं तेच वाटायचं. मुद्दाम उलट उत्तर द्यावं, तर ते चुकायचं आणि यंत्र वजन कमी करायचं. वेगळंही असायला हवं आणि बरोबरही. असं डोकं आणायचं कुठून?

डोकी होती, समोरच मांडी घालून बसलेली. शलाकाच्या शिवणवर्गाला पोरी यायच्या, नव्या सुना यायच्या, आणि नुकत्याच एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर गुलनार मुल्ला यायच्या. शलाका कौलवरचा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायची, वर्गात दहा मिनिटं गदारोळ व्हायचा, आणि त्यातून जे निघेल ते ती आपल्या नावावर टाकायची. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. जन्मभर घंटी मारून खरा पास नि खोटा पास ओळखलेल्या बाई, आणि कालपरवापर्यंत इन्स्टावर वाढलेल्या पोरी. या मिश्रणात चुकायला जागाच कमी होती.

"मॅडम, तुमचं स्वतःचं मत काय?" एकदा गुलनारबाईंनी विचारलं.

"माझं मत आमच्या घरी एक आहे. तेवढं पुरे."

"ते तर निनादभाऊंचं."

"तेच म्हणतेय मी."

गुलनारबाईंनी काजं करता करता तिच्याकडे एक नजर टाकली. बिनतिकिटाचा प्रवासी हेरण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना काय कळलं असेल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

यंत्र मात्र फसलं. ते फसवणूक ओळखायला बसवलेलंच नव्हतं, चुका मोजायला बसवलेलं होतं. त्याच्या लेखी शलाका नावाची बाई हळूहळू निनाद नावाच्या पुरुषाहून अगदी निराळी होत चालली होती. घटस्थापनेला जोड्या नव्यानं लागल्या आणि निनादच्या फोनवर निरोप आला. जोडीदार : शलाका.

निनादनं आधी चष्मा पुसला. मग तिच्याकडे पाहिलं, एखाद्या भिंगावर ओरखडा आहे का ते बघावं तसं.

"हे कसं काय गं?"

"बदलले मी."

"कधी?"

या 'कधी'नं ती सुखावली आणि तिला टोचलंही. मग तो म्हणाला, "रेणुकाताईंना सांगायला हवं," आणि सुखावलेलं तेवढं पार विझलं. ताई म्हटलं म्हणून काय झालं?

नवरात्रातल्या संध्याकाळी मग दोघं गच्चीत बसू लागली. शलाकानं खुर्च्यांना नवीन अभ्रे शिवले होते. उत्तरं ती दुपारीच वर्गातून आणायची, त्यामुळे संध्याकाळी बोलायला काही उरायचं नाही. निनाद एखादं उत्तर वाचून "अरेच्चा, हे तू म्हणालीस?" असं म्हणायचा, आणि आपण काय म्हणालो होतो ते शलाकाला आठवायचं नाही. तो हसला नाही एकदाही. सुया मात्र शाबूत राहिल्या.

खंडेनवमीला शिवणवर्ग बंद असतो. त्या दिवशी यंत्रं चालवत नाहीत, पुजतात. शलाकानं सकाळी सगळी यंत्रं पुसून तेल घालून ओळीनं लावली, झेंडूच्या माळा केल्या. निनाद दुकानातल्या भिंगं कापायच्या यंत्राला हार घालायला निघाला होता. पायात चप्पल सरकवतानाच दोघांचे फोन एकदम वाजले. लाल अक्षरांत 'तातडी'.

तातडीच्या प्रश्नांना आधी एकच जोडी लावत. जोडीचं एकमत झालं की तिथल्या तिथे हिरवा टिळा लागायचा. मतं फुटली तरच प्रश्न आणखी माणसांकडे जायचा.

कुठल्याशा वाडीतल्या बालवाडीच्या बाईंनी फोटो पाठवला होता. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनासाठी पाट्या काढायला कपाट उघडलं, तर आत साप. काळा, अंगावर पांढरे पट्टे. बाई धीट असाव्यात, त्यांनी तो चिमट्यानं धरून प्लास्टिकच्या बरणीत टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'कवड्या आहे, बिनविषारी, बरोबर ना? अगदी गरीब आहे, हलतसुद्धा नाही. मुलांच्या मनातली भीती जावी म्हणून हात लावायला देणार आहे.'

"कवड्या," निनाद म्हणाला.

"कवड्या," शलाका म्हणाली.

एकाच श्वासात. दोघांची बोटं एकदमच टेकली, आणि फोटोवर हिरवा टिळा उमटला.

"बघ, पहिल्यांदा एकदम बोललो," निनाद हसून म्हणाला आणि जिना उतरून गेला.

हसला! शलाकाला इतका आनंद झाला की ती गुणगुणतच परसात गेली. यंत्रांना झेंडू झाला होता, देवीला जास्वंद हवी होती. तिनं फांदी वाकवली, आणि फूल खुडता खुडता तिचा हात थबकला.

या जास्वंदीखाली एक साप पुरलेला होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मोरीत निघाला होता. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. ती किंचाळली, शेजारचे धावले, "मण्यार! मण्यार!" म्हणत कुणीतरी काठी घातली. संध्याकाळी निनादच्या ओळखीचा एक सर्पमित्र आला आणि म्हणाला, "कवड्या होता हो बिचारा. याच्या दातांत काहीसुद्धा नसतं." त्या रात्री दोघंही जेवली नाहीत. निनादनं खड्डा खणला, तिनं त्यावर जास्वंदीची फांदी खोचली. तेव्हापासून पट्ट्यांचा साप कुठेही दिसो, चित्रात दिसो, दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघे. एक साप आपल्यामुळे फुकट मेला, आता दुसरा नको. जणू ती शपथच होती, कधी मोठ्यानं न घेतलेली.

आज वर्ग बंद होता. गुलनारबाई नव्हत्या, पोरी नव्हत्या. आज तिनं स्वतःच्या डोक्यानं उत्तर दिलं होतं, म्हणजे निनादच्या.

तिनं फोटो पुन्हा उघडला. मोठा केला, तिरका केला. कवड्या. कितीही पाहिलं तरी कवड्याच. आणि भीती वाटली ती याचीच. मोरीतला साप मधे आडवा पडला होता, त्याच्या पलीकडचं तिला दिसत नव्हतं. निनादला विचारून उपयोग नव्हता. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवणार होती.

'शंका' नोंदवावी, तर प्रश्न रांगेत जाणार, पुढचे लोक बघेपर्यंत हिरवा टिळा तसाच. टिळा तत्काळ पुसायचा, तर एकच वाट होती, 'जोडी बाद'. त्याला कारण द्यावं लागायचं, ते सगळ्यांना दिसायचं, आणि कारण लबाडीचं असेल तर नाव कायमचं कटायचं. आणि निनादला कळणार. चोरून कमावलेल्या त्या खुर्चीवरून आपल्याच हातानं उठायचं. तेही कदाचित खरोखरच्या कवड्यासाठी.

खरं काय ते सांगू शकेल असं माणूस तिला एकच ठाऊक होतं. नंबर तिला तोंडपाठ होता. का, ते विचारू नका.

"हॅलो. मी शलाका. निनादची बायको."

"अव माय! शलाकाताई! बोला ना जी."

"एक फोटो पाठवलाय. साप आहे. लगेच बघता का?"

"थांबा, चष्मा लावते. निनादजींनीच धाडला ना हा, पार्सलनं. लई हलका आहे."

पार्सल. हलका.

"त्यांनी काय सांगितलं?" रेणुकाताईंनी विचारलं.

"कवड्या."

"अन् तुम्ही?"

"कवड्या."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "तो मोरीतला साप ना ताई?"

इतक्या सुया मोडल्या, पण हे असं आतपर्यंत कधी गेलं नव्हतं. तोही सांगितला यानं हिला. जास्वंदीखालचा, दोघांचा तो. शलाकाला फोन आपटावासा वाटला. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर कुठल्याशा बालवाडीतले इवले इवले हात आले.

"हो," ती म्हणाली. "तोच. म्हणून तुम्हाला विचारतेय. मला दिसत नाहीये."

"मानेपाशी पाहा बरं. कवड्याचे पट्टे मानेपासूनच चालू होतात, चांगले ठळक, अन् शेपटीकडे विरत जातात. याचं उलटं आहे. मानेखाली सारं काळं मोकळं, मग बारीक पट्टे, ते थेट शेपटीच्या टोकालोक. अन् दिवसा असा गरीब पडून राहणारा कोण असतो? मण्यार आहे ताई. कुठे आहे हा?"

शलाकानं फोन ठेवला आणि 'जोडी बाद' दाबलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'माझी उत्तरं माझी नव्हती, माझ्या शिवणवर्गाची होती. मी निनादची बायको आहे. आम्हाला दोघांना एकच दिसतं. साप मण्यार आहे, बरणी उघडू नका.'

टिळा पुसला गेला. त्या जागी लाल रेघ आली. आणि मग काहीच आलं नाही.

ती यंत्रांसमोर जमिनीवर बसून राहिली. झेंडूचा वास खोलीभर दाटला होता. देवीला काय मागावं ते सुचेना, म्हणून ती नुसतीच बरणीच्या झाकणाचा विचार करत राहिली.

शेवटी फोन थरथरला. 'झाकण काढलं होतं. मुलं ओळीनं उभी होती. आता घट्ट लावलंय, मुलं अंगणात आहेत. सर्पमित्र निघालेत.'

त्याच्या खाली दुसरा निरोप होता. शलाकाचं नाव कौलवरून काढण्यात आलं होतं.

निनाद दुपारी परत आला तो हारातली उरलेली फुलं हातात तशीच घेऊन. दारातच उभा राहिला.

"शिवणवर्ग?"

"हो."

"म्हणजे हे नऊ दिवस मी गुलनारबाईंच्या जोडीला होतो?"

ती हसली नाही, तोही नाही.

"शलाका, मुलं होती तिथे."

"माहीत आहे."

"मीही कवड्याच म्हणालो." तो खाली बसला. "तू फसवलंस यंत्राला. पण चुकलो दोघं." मग त्यानं विचारलं, "का केलंस?"

"तू तिच्याशी बोलताना हसतोस."

"तुझ्याशी बोलताना नाही हसत?"

"हसतोस. पण कधी हसणार ते मला आधीच माहीत असतं."

निनाद फुलांच्या पाकळ्या काढत राहिला.

"मोरीतला साप तिला का सांगितलास?"

"त्यांनी विचारलं, साप आला की तुम्ही हमखास का चुकता. खरं तेच सांगितलं."

"आपला होता तो."

"हो," निनाद म्हणाला. "हो, आपला होता. चुकलंच ते."

मग त्यानं फोन पुढे केला. जोडी बाद झाल्यावर यंत्रानं वर्गाची उत्तरं गाळून शलाकाचा हिशेब पुन्हा मांडला होता. शिवणवर्गाआधीच्या तिच्या जुन्या चुका निनादच्या चुकांवर ठेवून पाहिल्या होत्या. शंभरातल्या एक्क्याण्णव एकमेकींवर तंतोतंत बसत होत्या. अख्ख्या कौलवर इतकी वाईट जोडी दुसरी नव्हती.

"उरलेल्या नऊ कुठल्या असतील गं?" निनादनं विचारलं.

"एक तर वाशीमला राहते."

"ती तुझी चूक."

"तेच म्हणतेय. तिथे आपलं जुळत नाही."

तेव्हा मात्र तो हसला, आणि तो हसणार आहे हे शलाकाला आधी कळलं नव्हतं.

फोन वाजला. वाशीम. निनादनं तिच्याकडे पाहिलं.

"घे," शलाका म्हणाली. "पोरं वाचली म्हणून सांग. आणि म्हणावं, चष्म्याचे पैसे घेणार नाही, पण पुढचा नंबर तपासायला चिपळुणात यावं लागेल. मला बघायचंय त्यांना एकदा."

"हेवा संपला?"

"मुळीच नाही. म्हणून तर बघायचंय."

तो गच्चीत गेला. वरून बोलणं ऐकू येत होतं, मग हसणंही. शलाकानं सवयीनं सुईकडे पाहिलं. यंत्राला हार होता, सुई विसावली होती.

तिनं पानं वाढली. नवमीचा नैवेद्य, त्यामुळे काहीच चाखून पाहिलेलं नव्हतं. देवीला दाखवून झाल्यावर दोघं जेवायला बसली. निनादनं आमटीचा भुरका घेतला, डोळे मिटले. "छान झालीय," तो म्हणाला.

शलाकानंही भुरका घेतला. "खरंच छान झालीय."

आमटीत मीठ घालायचं राहून गेलं होतं. दोघांनी दोन-दोन वाट्या घेतल्या.